डॉक्टरांना कडू लागत नाही

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुठल्याही पदार्थाला नाव ठेवलेलं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. वैद्यकीय माहिती म्हणून सांगतोय, कारण पुढे हॉस्पिटलातली एक अख्खी दुपार या गुणापायी खर्ची पडली.

साडू पोटाचे डॉक्टर. तोंडातून दुर्बिणीची नळी घालून लोकांच्या पोटात डोकावण्यात त्यांची हयात गेली. पेशंटने काय खाल्लं आणि डॉक्टरांना काय खाल्लं म्हणून सांगितलं, यातला फरक त्यांना एका नजरेत कळतो. स्वतःच्या पोटात काय जातं याबद्दल मात्र त्यांचा अभिप्राय ठरलेला: "छान झालंय."

हा अभिप्राय ताईंसाठी. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या गणिताच्या शिक्षिका होत्या. त्या निवृत्त झाल्या, गणित झालं नाही. एका हाताने भाजी ढवळतात, दुसऱ्या हातात आकड्यांचं कोडं असतं. त्यामुळे मीठ एखाद्या दिवशी दोनदा पडतं, एखाद्या दिवशी पडतच नाही. सरासरी काढली तर अगदी बरोबर. एकदा साखरेऐवजी त्यांनी चहातही मीठ घातलं होतं. मी पहिल्या घोटाला कप खाली ठेवला. डॉक्टरांनी कप संपवला, बशीत सांडलेलाही प्यायला, आणि वर विचारलं, "अजून आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांनी जो निःश्वास सोडला, तो ताईंनी निराशेचा समजावा अशी त्यांची अपेक्षा होती.

यात ढोंग नव्हतं. डॉक्टरांचे वडील तापट. भाजीत जरा कमीजास्त झालं की ताट भिंतीवर जायचं आणि मग दोन दिवस घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. भिंतीवरचे डाग मोजत मोठा झालेला मुलगा पुढे जेवणाबद्दल वाकडा शब्द काढीना, यात नवल ते काय.

तर त्यांची सून. मुलाचं लग्न होऊन वर्षही झालेलं नाही. तीही डॉक्टर, पण निराळ्या जातीची. हॉस्पिटलात एकाचा रोग दुसऱ्याला लागू नये, हे बघणं तिचं काम. त्याच हॉस्पिटलात ती रुजू झाली आणि सासऱ्यांची वरिष्ठ नसूनही त्यांना हुकूम सोडू लागली. घरी ती त्यांना "बाबा" म्हणते, हॉस्पिटलात "सर". "बाबा"ला विनंती असते, "सर"ला तंबी.

रुजू झाल्यावर तिने पहिल्यांदा दुर्बिणीची खोली हातात घेतली, आणि त्याला कारण होतं. नळी घशाखाली उतरताना पेशंट खोकतो, ओकाऱ्या काढतो. पोट फुगवायला आत सोडलेली हवा ढेकरांवाटे परत येते. त्याबरोबर जे बारीक तुषार उडतात ते खाली पडत नाहीत, खोलीभर तरंगत राहतात. डॉक्टरांचं नाक तिथून हातभर अंतरावर. गेल्या वर्षी तिथल्या टेक्निशियनला टीबी झाला. औषधांनी बरा झाला, पण इतका वाळून परत आला की सिस्टरनी त्याला पेशंट समजून गाउन घालायला दिला होता.

सुनेने खोलीची हवा बाहेर खेचणारा पंखा बसवून घेतला. खोलीत फक्त कामाची माणसं राहतील असं ठरवलं. त्याआधी तिथे औषध कंपनीचे लोक, फाइल शोधणारे कारकून आणि नुसतेच "आहेत का सर?" म्हणून डोकावणारे, असा लग्नघराइतका राबता असायचा. मग तिने मास्कला हात घातला. मास्क नुसता लावून भागत नाही, तो चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे. कडेने फट राहिली तर हवा गाळण्यातून न येता फटीतून येते. म्हणजे पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि मागचं दार सताड उघडं.

फट आहे की नाही हे बघायची एक परीक्षा असते. डोक्यावर पांढरी टोपली घालतात, तिला समोर पारदर्शक खिडकी. माणूस मधमाश्या पाळणाऱ्यासारखा दिसतो. मग रबरी फुगा दाबून एका भोकातून आत कडू औषधाचा फवारा मारतात. आधी मास्कशिवाय, म्हणजे माणसाला कडू कळतं की नाही ते समजतं. मग मास्क लावून. मास्क लावल्यावर कडू लागलं तर फट आहे, नाही लागलं तर मास्क बसला. परीक्षा सोपी आहे. माणसाने फक्त खरं सांगायचं असतं.

सिस्टर पास झाल्या. टेक्निशियन दुसऱ्या आकाराच्या मास्कवर पास झाला. मग डॉक्टर टोपलीत शिरले, आधी मास्कशिवाय.

"सर, तोंडाने श्वास घ्या. कडू लागलं की लगेच सांगा," सून म्हणाली आणि तिने फुगा दाबला. फुस्. फुस्. फुस्.

"लागलं?"

"नाही. छान आहे."

"छान म्हणजे?"

"म्हणजे व्यवस्थित आहे. तुझं चालू दे."

तिने फुगा दाबून दाबून बोटं दुखवून घेतली. दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरांच्या जिभेवर कडवट आलं आणि त्या पाणी प्यायला गेल्या. टोपलीत बसलेले डॉक्टर शांत होते. म्हणाले, "नावं ठेवण्यासारखं काही नाही."

काही लोकांना हे कडू कळत नाही, त्यांच्यासाठी गोड औषधाची बाटली असते. सुनेने ती काढली. पण ती शहाणी मुलगी. तिने आधी रिकामाच फुगा दाबला.

"गोड आहे," डॉक्टर म्हणाले. "छान आहे."

"सर, बाटली अजून उघडलेली नाही."

"तरी छान आहे."

इथपर्यंत गंमत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एका सुताराची दुर्बीण ठरली होती. माणसाच्या फुप्फुसात टीबी, खोकल्यातून जंतू पडतायत, आणि त्यातच पोटातून रक्त. दोनदा रक्ताची उलटी झालेली. दुर्बीण घालून ती जागा बंद करायलाच हवी होती. हॉस्पिटलात हे काम करणारे डॉक्टर एकटेच. मास्कचा भरवसा नसताना सासऱ्यांना आत सोडायचं, की त्या सुताराला अॅम्ब्युलन्सने दूरच्या हॉस्पिटलात पाठवून वाटेत काय होतंय ते बघायचं, असा सुनेपुढे पेच होता.

"मास्क बसतोय हे कळल्याशिवाय मी तुम्हाला उद्या आत सोडणार नाही," ती म्हणाली.

"अगं, ती खोली माझी आहे."

"खोली तुमची आहे सर. हवा माझी आहे."

डॉक्टर उठून गेले. सुनेने सासूला फोन लावला. त्या वेळी मी तिथेच बसलो होतो, ताईंच्या जेवणाच्या टेबलाशी, समोर आलेल्या भाजीकडे विचारपूर्वक बघत.

"आई, एक विचारू? बाबांना चव कळते का?"

ताईंनी कोड्यातलं डोकं वर काढलं. मग म्हणाल्या, "हे तुला कुणी विचारायला सांगितलं?"

सुनेने सगळं सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं, पेन्सिल कोड्यात ठेवून वही मिटली आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, गाडी काढा." मी इतक्या चपळाईने जेवणावरून पूर्वी कधी उठलो नव्हतो.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी ताईंना बघितलं आणि त्यांचा चेहरा प्रगतिपुस्तक लपवणाऱ्या मुलासारखा झाला.

"तू कशाला आलीस?"

"सुनेने बोलावलंय. बसा टोपलीत."

डॉक्टर बसले. ताईंनी समोर स्टूल ओढलं, चष्मा पुसून चढवला आणि खिडकीतून आत बघत राहिल्या. शाळेत परीक्षेच्या वेळी त्या मुलांच्या पेपरकडे बघायच्या नाहीत, चेहऱ्याकडे बघायच्या. उत्तर आलं की नाही हे चेहऱ्यावर आधी उमटतं, पेपरवर नंतर.

फुस्. फुस्.

"कळलं त्यांना," ताई म्हणाल्या.

"काय कळलं?" सुनेने विचारलं.

"चव. डाव्या भुवईचं शेपूट वर गेलं."

"काही वर गेलेलं नाही," टोपलीतून आवाज आला.

"अहो, ती भुवई मी चाळीस वर्षं वाचतेय. शेपूट नुसतं वर गेलं म्हणजे मीठ जास्त. वर जाऊन तिथेच थांबलं म्हणजे करपलंय. दोन्ही भुवया गेल्या म्हणजे," ताई माझ्याकडे वळल्या, "तुमच्या बायकोने काहीतरी करून पाठवलंय."

मी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर टोपलीकडे बघत होत्या. खिडकीच्या आत डॉक्टरांचा चेहरा असा झाला होता, की जणू त्यांच्याच पोटात कुणीतरी नळी सोडलीय आणि बाहेर सगळ्यांना दिसतंय.

सुनेने वेळ न दवडता त्यांना त्यांचा नेहमीचा गोल मास्क लावला आणि टोपली पुन्हा घातली. "सर, आता खोल श्वास. आता मान डावीकडे, उजवीकडे. आता वर, खाली. आता बोलत राहायचं, काहीही बोला."

"काय बोलू?"

ताई म्हणाल्या, "मला विचारायचं ते विचारा."

"म्हणजे तुला सगळं माहीत होतं?"

"मग? मिठाचं प्रमाण मी कशावरून दुरुस्त करत होते?"

"दुरुस्त?" डॉक्टर म्हणाले. त्या एका शब्दात चाळीस वर्षांचं जेवण होतं.

"बोलत राहा सर," सून फुगा दाबत म्हणाली. "छान चाललंय."

"तो चहा," डॉक्टर म्हणाले, "तो मिठाचा चहा. तोही?"

"भुवई केसांत शिरली होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बशीसुद्धा प्यायलात. मला वाटलं, एवढं मन लावून पितायत तर पिऊ दे. शेपूट गेलं, सूनबाई. आत्ता, बोलता बोलता. नाकाच्या बाजूने हवा शिरतेय."

"सर, कडू लागलं?" सुनेने विचारलं.

"नाही."

"लागलं," ताई म्हणाल्या.

सुनेने टोपली काढली. सगळ्यांना वाटलं, काम झालं, आता दुसरा मास्क घेऊन ताईंनी भुवई बघायची की सुटलो. टेक्निशियन तर ताईंकडे आदराने बघत होता. बहुधा आपल्या बायकोला काय काय वाचता येत असेल याचा तो हिशेब करत होता. पण सून मान हलवत होती.

"आई, मला भुवईवर सोडता येणार नाही. उद्या आत मास्क हलला, फट पडली, तर तिथे तुम्ही नसणार. त्यांचं त्यांना कळलं पाहिजे आणि त्यांनी तोंडाने म्हटलं पाहिजे, की सुटला, मी बाहेर जातो. गिळून चालणार नाही. आजपर्यंत गिळलं ते पोटात गेलं. हे फुप्फुसात जाईल."

हे ती "सर" म्हणून बोलत नव्हती. तिचा आवाज जरा हलला होता, आणि तो डॉक्टरांनीही ऐकला.

ते स्टुलावर बसून हातातल्या मास्कची पट्टी ताणत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "मला जमत नाही गं ते. तोंडापर्यंत येतं. मग ताट दिसतं."

त्यांचे वडील सुनेने पाहिले नव्हते. ताईंनी पाहिले होते. ताई उठल्या, टेबलावरची बाटली उचलली, चष्म्याजवळ धरून तिच्यावरचं लेबल नीट वाचलं आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"अहो, हे मी केलेलं नाही."

डॉक्टर बाटलीकडे बघत राहिले.

"कंपनीचं आहे. ते लोक इथे नाहीत. तुम्ही नाव ठेवलंत तर कुणी रुसणार नाही, कुणी काही भिरकावणार नाही. आणि भिरकावलं तर ही खोली धुवायला सोपी आहे. ठेवा नाव."

सुनेने हळूच टोपली पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवली, मास्कशिवाय. एकदाच फुगा दाबला. डॉक्टरांनी डोळे मिटले. भुवई गेली वर, ती आम्हा सगळ्यांनाच दिसली. मग ओठ हलले.

"कडू आहे," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी एक डोळा उघडून बघितलं. भिंती जागच्या जागी होत्या.

"फार कडू आहे," ते म्हणाले. "घाणेरडं आहे. आधी जिभेच्या मुळाशी लागतं, मग घशात उतरतं आणि तिथेच बसून राहतं. वर एक गोडूस वास द्यायचा प्रयत्न केलाय, तो तर त्याहून वाईट. माणसाने करायचंच तर धड कडू करावं. इतकं वाईट मी आयुष्यात दुसऱ्यांदाच काहीतरी तोंडात घेतोय."

पहिलं कोणतं, ते ताईंनी विचारलं नाही. त्या नवऱ्याकडे, नव्याने स्थळ बघायला आल्यासारख्या, टक लावून बघत होत्या.

डॉक्टरांनी गुळण्या केल्या. तोंडाची चव जाईपर्यंत थांबावं लागलं, आणि तेवढ्या वेळात त्यांनी हॉस्पिटलच्या कँटीनमधला चहा, रविवारच्या मीटिंगमधली बिस्किटं आणि सिस्टरांच्या वाढदिवसाचा केक, यांची एकापाठोपाठ चीरफाड केली. सिस्टर म्हणाल्या, "सर, तुम्ही दोन तुकडे घेतले होते." डॉक्टर म्हणाले, "म्हणून तर खात्रीने सांगतोय."

मग सुनेने दुसरा मास्क काढला. तो पुढे निमुळता होता, बदकाच्या चोचीसारखा. डॉक्टरांचं नाक उंच. गोल मास्कात ते मावत नव्हतं, तिथेच फट पडत होती.

"हा मी लावणार नाही," डॉक्टर म्हणाले. एकदा तोंड उघडलं होतं, आता ते मिटायला तयार नव्हतं. "चोच लावून मी पेशंटसमोर जाऊ? हसेल तो."

"पेशंटच्या तोंडात नळी असते सर. हसणार नाही."

"टेक्निशियन हसेल."

टेक्निशियन म्हणाला, "सर, मास्कला मी गेल्या वर्षीच हसून घेतलंय, टीबीच्या आधी." त्यावर डॉक्टरांनी निमूटपणे चोच लावली.

खोल श्वास झाले. डावीकडे, उजवीकडे झालं. वर, खाली झालं. बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी केकचं उरलेलं सांगून टाकलं. मग वाकून, मग उभं राहून. सून फुगा दाबत होती आणि दर वेळी विचारत होती.

"लागलं?"

"नाही."

"आता?"

"नाही. पट्टी टोचतेय. कडू नाही."

सून सवयीने सासूकडे वळली. आम्ही सगळेच वळलो. ताई खिडकीशी जाऊन बाहेर पार्किंगमध्ये आपली गाडी कुणी अडवलीय का ते बघत होत्या.

"माझ्याकडे काय बघता?" त्या न वळताच म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं ना, नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माझी बायको ताईंकडे जाऊन बसलो. आम्ही सोबतीला आलोय असं कुणी म्हणालं नाही. आमचा गॅस संपलाय असं माझी बायको म्हणाली आणि ताईंनी ते खरं धरलं. ताईंसमोर कोड्याची वही उघडी होती. एकही चौकट भरलेली नव्हती. त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या, तिथे काही न करता परत यायच्या.

"मास्क बसलाय तो," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर बसलाय."

"हो," ताई म्हणाल्या. "पण तो माणूस समोर जोरात खोकला, आणि मास्क हलला, आणि ह्यांना वाटलं आता मध्येच काय सांगायचं, तर? समोर माणूस रक्त ओकत असताना हे स्वतःची तक्रार करतील का हो?"

माझी बायको म्हणाली, "ताई, चहा कर." यावरून परिस्थिती किती गंभीर होती ते लक्षात यावं.

चहा व्हायच्या आत फोन वाजला. सून होती. ताईंनी आवाज मोठा केला, म्हणून आम्हालाही ऐकू आलं.

"झालं, आई. रक्त थांबलं. सुतार ठीक आहे."

"बरं झालं. आणि हे?"

"खूप खोकला तो. अगदी समोर. मी काचेतून बघत होते. मध्येच बाबांनी हात वर केला."

ताईंनी टेबलाची कड धरली.

"आणि नळी टेक्निशियनच्या हातात देऊन पटकन बाहेर आले. म्हणाले, डावीकडे नाकाशी सुटल्यासारखा वाटतोय. मी तपासलं. नाकावरची तार जराशी उचलली होती, फट पडायच्या बेतात. तेवढं पडताळून नवा मास्क लावला, नीट दाबला, फुंकर मारून बघितली आणि ते परत आत गेले. सगळं पटकन झालं."

"त्यांनी स्वतः सांगितलं?"

"स्वतः. आणि बाहेर आल्यापासून थांबलेच नाहीयेत. पट्टी केस ओढते. चोचीत स्वतःच्याच श्वासाचा वास येतो आणि तो काही चांगला नाही. पंख्याचा आवाज फार. गाउनाची बाही आखूड. आणि मी दार उघडायला उशीर केला. आई, माझी पण तक्रार केली त्यांनी."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? उभी राहून सगळं ऐकून घेतलं."

ताई खुर्चीवर बसल्या. त्या इतका वेळ उभ्याच होत्या, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुन्हा चढवला आणि फोन कानाशी नीट धरला.

"पट्टीचं काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. "पहिल्यापासून सांग."